अंगणाखालचं शिसं

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जुन्या शहरांत शंभरी गाठलेली लाकडी घरं आजही नांदती आहेत. अशा एखाद्या घराच्या तळघरात उतरावं आणि रस्त्याकडच्या भिंतीशी, पाण्याच्या मीटरजवळ, बॅटरी धरून बघावं. भिंतीतून किंवा फरशीतून एक राखी नळ आत आलेला असतो. लोखंडी नळासारखा तो सरळसोट नसतो, वेलीसारखा जरा वाकलेला असतो. मीटरच्या जोडाशी त्याला कांद्याएवढी गाठ असते. जुन्या प्लंबरने वितळलेला डाख जाड कापडाने पुसत पुसत बसवला, त्याची ती खूण. किल्लीच्या टोकाने अलगद ओरखडा काढला की राखी रंगाखाली चांदीसारखी चकचकीत रेघ उमटते. लोहचुंबक लावला तर चिकटत नाही. एवढ्या खुणा जुळल्या की समजावं, या घराचं पाणी शिशातून येतं आहे.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराला मात्र आपल्या अंगणांखाली काय पुरलेलं आहे ते शोधून उपसून काढायला अकरा वर्षं लागली. मधल्या काळात एका पिढीच्या लेकरांनी ते पाणी प्यायलं. त्या अकरा वर्षांची ही हकीकत.

शिसं घातक आहे हे माणसाला काही काल-परवा कळलं नाही. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं की मातीच्या नळातलं पाणी शिशाच्या नळातल्या पाण्याहून प्रकृतीला चांगलं. पुरावा म्हणून त्याने शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांच्या पांढुरक्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवलं. तरीही रोमने शिसं सोडलं नाही. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लंबम’ म्हणतात. आपण ज्याला सर्रास प्लंबर म्हणतो, त्याच्या नावातच ते शिसं येऊन बसलं आहे.

शिसं सुटलं नाही याचं कारण ते कामाला फार सोयीचं. दगड आड आला तर नळ हाताने वाकवता येतो. थंडीत गोठून जमीन वर-खाली झाली तरी तो तडकत नाही. एकदा पुरला की पन्नास-साठ वर्षं बघायला नको. म्हणून रस्त्याखालची मोठी वाहिनी ओतीव लोखंडाची आणि तिथून घरापर्यंतचा बोटभर जाडीचा नळ शिशाचा, अशी रीत अमेरिकन शहरांत पडली. या छोट्या नळाला तिथे सर्व्हिस लाइन म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर सावध करू लागले तेव्हा शिशाच्या धंद्यानेही कंबर कसली. १९२८ साली स्थापन झालेल्या लेड इंडस्ट्रीज असोसिएशनने गावोगावच्या नगरपालिका आणि प्लंबरांच्या संघटना गाठून शिशाचा नळ बांधकामाच्या नियमांत टिकवून ठेवला. शिकागोत तर घराला शिशाचीच सर्व्हिस लाइन टाकावी असा नियम १९८६ पर्यंत होता. त्याच वर्षी देशाच्या कायद्याने नवे शिशाचे नळ टाकायला बंदी केली. जे आधीच जमिनीत होते, ते तसेच राहिले.

मग इतकी वर्षं ती शहरं जगली कशी? याचं उत्तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे. पितळेच्या पातेल्यात आंबट वरण कळकू नये म्हणून आपण कल्हई करून घेत असू. धातू आणि अन्न यांच्यामध्ये एक पातळ थर उभा केला की झालं. शिशाच्या नळालाही आतून तसा थर धरतो. पाण्यातले क्षार शिशाशी मिळून नळाच्या अंगावर पांढरट, तपकिरी खपली तयार करतात. पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट सोडलं तर शिशाचं फॉस्फेट बनतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि थर घट्ट बसतो. पण कल्हईसारखाच हाही थर कायमचा नाही. फॉस्फेट रोज सोडावं लागतं, पाण्याचा आम्लपणा रोज सांभाळावा लागतो. १९९१ च्या केंद्रीय नियमाने मोठ्या शहरांना हे काम बंधनकारक केलं आणि लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम शिसं ही कारवाईची रेषा ठरवली. तपासलेल्या घरांपैकी दहा टक्क्यांहून अधिक घरं या रेषेच्या वर गेली, तर शहराला हालचाल करावीच लागते.

फ्लिंट हे जनरल मोटर्सचं जन्मगाव. १९०८ साली कंपनी इथे उभी राहिली आणि १९३६-३७ मध्ये याच गावातल्या कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून केलेला संप अमेरिकन कामगार चळवळीच्या इतिहासात अमर झाला. १९६० च्या सुमाराला गावाची वस्ती दोन लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने बंद पडत गेले, गोरी आणि सुस्थितीतली कुटुंबं उपनगरांत निघून गेली. २०१४ पर्यंत जेमतेम लाखभर लोक उरले. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते आणि दर दहांतले चार दारिद्र्यरेषेखाली. दोन लाखांसाठी घातलेली जलवाहिन्यांची जाळी एका लाखाच्या पट्टीवर चालवायची, म्हणून पाण्याची बिलं देशातल्या सर्वांत चढ्या बिलांत मोडत.

शहर कर्जात बुडालं तेव्हा राज्याने २०११ पासून तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमले. निवडून आलेला महापौर आणि परिषद नावापुरती उरली. फ्लिंट १९६७ पासून ह्युरॉन सरोवराचं शुद्ध केलेलं पाणी डेट्रॉइटकडून विकत घेत होतं. त्याच सरोवरातून स्वतंत्र वाहिनी आणण्याचा प्रकल्प सुरू झाला. वाहिनी पुरी होईपर्यंत गावातल्या फ्लिंट नदीचं पाणी वापरायचं आणि दोन वर्षांत सुमारे ५० लाख डॉलर वाचवायचे, असं ठरलं.

२५ एप्रिल २०१४ रोजी जुन्या जलशुद्धीकरण केंद्रात महापौर डेन वॉलिंग यांनी बटण दाबलं आणि डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद झालं. जमलेल्या मंडळींनी नदीच्या पाण्याचे पेले उंचावले. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, म्हणजे ते धातू खाणारं पाणी. डेट्रॉइटचं केंद्र पाण्यात ऑर्थोफॉस्फेट सोडत असे. फ्लिंटच्या केंद्राने ते सोडलंच नाही. या औषधाचा खर्च दिवसाला साधारण शंभर डॉलर आला असता, असा हिशेब पुढे मांडला गेला. राज्याच्या पर्यावरण खात्याने भूमिका घेतली की आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्यांत पाणी तपासू, मग गरज असेल तर बघू. पन्नास वर्षांची कल्हई त्या महिन्यांत नळांतून सुटून लोकांच्या पेल्यांत उतरू लागली.

आधी दिसलं ते लोखंड. नळाला तांबूस, गढूळ पाणी येऊ लागलं, वास येऊ लागला, आंघोळीनंतर अंगावर चट्टे उठू लागले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्यात जिवाणू सापडले आणि ‘उकळून प्या’ अशा सूचना निघाल्या. पाणी उकळून प्यावं हे आपल्याकडे बाळकडूच्या बरोबरीने मिळालेलं शहाणपण. शिशापुढे ते हरतं. उकळल्याने वाफ निघून जाते आणि शिसं मागे राहतं. उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने फ्लिंटचं पाणी नाकारलं, कारण त्याने इंजिनाच्या सुट्या भागांना गंज चढत होता. कारखान्याला शेजारच्या वस्तीतून सरोवराचं पाणी मिळण्याची सोय झाली. इंजिनाला न मानवणारं पाणी गावातल्या घरांत मात्र आणखी वर्षभर येत राहिलं.

लीअॅन वॉल्टर्स यांचं घर याच गावातलं. चार मुलांची आई. जुळ्या मुलांपैकी एकाची वाढ थांबल्यासारखी झाली होती आणि अंगावर सतत चट्टे. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी शहराच्या मागे लागून घरचं पाणी तपासून घेतलं. लिटरमागे १०४ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. मार्चमध्ये ३९७. दोष तुमच्या घरातल्या नळांचा, असं त्यांना सांगण्यात आलं. जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला मिळणारं हे ठरावीक उत्तर आहे. पण वॉल्टर्स यांच्या घरातले सगळे नळ आधीच बदलून प्लास्टिकचे झालेले होते. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचे अधिकारी मिगेल डेल तोराल यांनी स्वतः त्या घरी जाऊन ते पाहिलं. घरात शिसं नाही, म्हणजे ते उंबऱ्याबाहेरच्या जमिनीतून येतं आहे, हे तिथे पक्कं झालं. पाणी बंद केल्यावर शेजारच्या घरातून बागेला पाणी घालायची रबरी नळी टाकून त्या कुटुंबाची सोय केली गेली. वसंत ऋतूत अंगण खणून त्यांची सर्व्हिस लाइन बदलली.

त्याआधी व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या सांगण्यावरून वॉल्टर्स यांनी घरच्या नळाच्या ३० बाटल्या भरून पाठवल्या. सरासरी दोन हजारांच्या वर गेली आणि एका बाटलीत १३,२०० मायक्रोग्रॅम निघाले. अमेरिकेत कचऱ्यातून निथळणाऱ्या द्रवात लिटरमागे ५,००० मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तर तो घातक कचरा ठरतो. इथे त्याच्या अडीचपटीहून अधिक शिसं पिण्याच्या नळाला येत होतं.

एडवर्ड्स यांना हे नवं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी राजधानी वॉशिंग्टनमध्ये निर्जंतुकीकरणाचं रसायन बदललं, नळांतले थर सुटले आणि हजारो घरांच्या पाण्यात शिसं वाढलं. तिथे उपाय म्हणून रस्त्यापासून हद्दीपर्यंतचा शहराच्या मालकीचा तुकडा बदलला गेला आणि अंगणातला मालकाचा तुकडा तसाच ठेवला. अर्धा नळ कापताना उरलेल्या शिशाला हादरे बसतात, तांबं आणि शिसं जोडलं की शिसं अधिक झिजतं. अशा अर्धवट कामाने काही घरांचं पाणी आणखी बिघडलं. एकच नळ, पण मध्यावर एक अदृश्य रेघ: अलीकडे शहराची जबाबदारी, पलीकडे मालकाची. शिसं मात्र ती रेघ पाळत नाही.

२४ जून २०१५ रोजी डेल तोराल यांनी आपल्या वरिष्ठांना टिपण पाठवलं. फ्लिंटमध्ये झीज रोखणारी प्रक्रिया होतच नाही, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. राज्याने याआधी केंद्रीय संस्थेला नेमकं उलट कळवलेलं होतं. नमुने घेण्याच्या पद्धतीतली खोटही त्यांनी दाखवून दिली. लोकांना आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्यायला सांगितलं जाई. त्याने नळात साचलेलं शिसं आधीच वाहून जातं आणि सकाळची बाटली निर्मळ दिसते. वॉल्टर्स यांनी ते टिपण अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या मिशिगन शाखेचे शोधपत्रकार कर्ट गायेट यांच्या हाती दिलं आणि जुलैत ते जगासमोर आलं. लोकांनी निर्धास्त राहावं, असं राज्याच्या खात्याचा प्रवक्ता म्हणाला.

त्या उन्हाळ्यातल्या सरकारी अहवालाची गोष्ट प्रत्येक हिशेबनिसाने वाचावी अशी आहे. ७१ घरांचे नमुने आले होते. त्यांनुसार शहर १५ च्या रेषेच्या वर जात होतं. राज्याने त्यांतले दोन वगळायला लावले. त्यांतला एक वॉल्टर्स यांचा १०४ चा. दोन आकडे गेले आणि शहर ११ वर उतरलं, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित. नमुने शिशाचे नळ असलेल्या घरांतूनच घ्यावेत असा नियम होता. शहराने तसं लिहूनही दिलं. प्रत्यक्षात कुठल्या घराला शिशाचा नळ आहे हे सांगू शकेल अशी धड नोंदच शहरापाशी नव्हती.

मग गावाने आपली तपासणी आपणच केली. व्हर्जिनिया टेकने नमुन्यांच्या ३०० पेट्या पाठवल्या. बायाबापड्यांनी, चर्चच्या मंडळींनी, विद्यार्थ्यांनी त्या घरोघर वाटल्या, बाटल्या कशा भरायच्या ते समजावलं आणि अडीचशेहून अधिक भरून परत पाठवल्या. सर्वांत वाईट दहा टक्के घरं लिटरमागे २५ मायक्रोग्रॅमच्या वर होती. सरकारला जे साठ-सत्तर घरांत नीट साधलं नाही, ते या माणसांनी काही आठवड्यांत करून दाखवलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत उजळ पान हेच आहे.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी हर्ली मेडिकल सेंटरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हाना-अटीशा यांनी पत्रकारांपुढे मुलांच्या रक्ताचे आकडे ठेवले. पाच वर्षांखालच्या मुलांत शिशाचं प्रमाण वाढलेल्यांचा वाटा पाणी बदलल्यानंतर जवळपास दुप्पट झाला होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तो २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेला दिसतो. ज्या वस्त्यांच्या पाण्यात शिसं जास्त, तिथे ४ वरून १०.६ टक्क्यांवर. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते हाडांत, दातांत आणि वाढत्या मेंदूत शिरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येतं. उशिरा रक्त तपासलं तर आकडा बरा दिसतो, पण झालेली इजा तशीच राहते. नळाच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून ज्या तान्ह्यांना पाजलं गेलं, त्यांच्या वाट्याला हे विष सर्वांत जास्त आलं. मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही.

राज्याने आधी डॉक्टरांवरच शंका घेतली, मग आकडे मान्य केले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी डेट्रॉइटचं पाणी परत सुरू झालं. जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी केंद्रीय आणीबाणी जाहीर केली. २०१४-१५ मध्ये पसरलेल्या, पाण्यातल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या लीजनेअर न्युमोनियाने १२ जणांचा जीव घेतला होता. खटले झाले, अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोप ठेवण्याची पद्धतच चुकीची ठरवली आणि उरलेले खटले कोसळले. नुकसानभरपाईपोटी ६२ कोटी ६० लाख डॉलरचा समझोता झाला.

राहिलं ते जमिनीतलं शिसं. कुठल्या अंगणात नळ कशाचा, याची नोंद शोधायला गेल्यावर शहराच्या कार्यालयात कप्प्यांमध्ये रचलेली सुमारे ४५,००० कार्डं निघाली. तळहाताएवढी, पेन्सिलीने लिहिलेली, अक्षर पुसट झालेली. त्यांवर भरवसा ठेवून खणावं तर कुठे शिसं लिहिलेलं आणि तांबं निघे, कुठे तांबं लिहिलेलं आणि शिसं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी घराचं वय, जागा, किंमत आणि कार्डांवरच्या नोंदी एकत्र करून संगणकाकरवी अंदाज बांधला. त्यानुसार खणलेल्या दर दहांतल्या आठ खड्ड्यांत बदलण्याजोगा नळ सापडत होता. २०१८ मध्ये नव्या कंत्राटदाराने तो अंदाज बाजूला ठेवून सरसकट खणायला सुरुवात केली आणि यशाचा आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत घसरला. हजारो अंगणं उकरली गेली आणि आत चांगलं तांबं निघालं.

फ्लिंटहून तासाभराच्या वाटेवर लान्सिंग आहे, याच मिशिगनची राजधानी. वॉशिंग्टनच्या बातम्या वाचून या शहराने २००४ मध्येच ठरवलं की आपले सगळे शिशाचे नळ काढायचे. तिथे रस्त्यापासून मीटरपर्यंतचा पुरा नळ जलसंस्थेच्याच मालकीचा, त्यामुळे ‘तुमचा तुकडा, आमचा तुकडा’ हा वाद नव्हता. कामगारांनी युक्ती काढली. अंगणभर चर खणण्याऐवजी दोनच खड्डे, एक रस्त्यात मुख्य वाहिनीपाशी, दुसरा घराशी. जुन्या नळातून तार ओवायची, तिच्या टोकाला नवा तांब्याचा नळ बांधायचा आणि यंत्राने ओढायचं. परकराच्या जुन्या नाडीला नवी नाडी बांधून ओवावी तसा जुना नळ बाहेर येतो आणि त्याच वाटेने नवा आत जातो. गवतसुद्धा फारसं मोडत नाही. खर्च आणि वेळ निम्म्यावर आला. डिसेंबर २०१६ पर्यंत लान्सिंगने १२ हजारांहून अधिक नळ बदलून काम संपवलं. फ्लिंटचा पहिला नळ ४ मार्च २०१६ रोजी निघाला, तोही लान्सिंगच्याच पद्धतीने.

२०१७ मध्ये चर्चच्या धर्मगुरूंच्या संघटनेने आणि इतरांनी लढवलेल्या दाव्यातून न्यायालयाचा आदेश मिळाला की तीन वर्षांत सगळे नळ मालकाला एक पैसाही न लावता बदलावेत. मुदती उलटत गेल्या. जुलै २०२५ मध्ये राज्याने न्यायालयाला कळवलं, काम पुरं झालं. जवळपास ११ हजार शिशाचे नळ निघाले होते आणि खणलेली २८ हजारांहून अधिक अंगणं बुजवून पूर्ववत झाली होती.

फ्लिंटने दिलेला धडा ऑक्टोबर २०२४ च्या नव्या केंद्रीय नियमात उतरला आहे. त्या वेळी देशात ९० लाखांपर्यंत शिशाचे नळ असल्याचा अंदाज होता. बहुतेक शहरांनी ते दहा वर्षांत पूर्ण काढावेत आणि कुठल्या घराला कशाचा नळ आहे याची यादी लोकांपुढे ठेवावी, असं हा नियम सांगतो. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँडच्या परिसरात आपली किती तरी मराठी कुटुंबं राहतात आणि जुनी घरं हौसेने विकत घेतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तळघरात जा, नळाला किल्ली लावून पाहा. लहान मूल असेल तर शिसं गाळणारा, तसं प्रमाणपत्र असलेला फिल्टर आजच बसवा. स्वयंपाकाला आणि दुधाला गार नळाचंच पाणी घ्या, कारण गरम पाणी शिसं अधिक ओढतं. तोटीच्या तोंडाची जाळी काढून धुवा, तिच्यात शिशाचे कण अडकतात. आणि शहर अर्धाच नळ बदलून देतो म्हणालं तर पुरा बदलल्याखेरीज राहू नका.

पण हे सगळं घराने करायचं तात्पुरतं काम झालं. फ्लिंटमध्ये प्रत्येक टप्प्यावर ओझं घरावर टाकलं गेलं: पाणी उकळा, नळ वाहू द्या, दोष तुमच्या नळांचा. शेवटी खरा उपाय झाला तो मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंत सगळा नळ एकाच वेळी, एकाच्याच जबाबदारीने निघाला तेव्हा. कल्हई रोज तपासावी लागते आणि तपासणारा चुकू शकतो, खोटंही बोलू शकतो. उपसून काढलेलं शिसं मात्र पुन्हा कुणाच्या पेल्यात उतरत नाही. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या ४५,००० कार्डांच्या जागी आता फ्लिंटपाशी खणून, डोळ्यांनी पाहून केलेली नोंद आहे. तिची किंमत त्या गावच्या मुलांनी भरली. निदान पुढच्या शहराला ती पुन्हा भरावी लागू नये.